तीन नंबरच्या सुरातली गिटार

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. सही ठोकून, शिक्का मारून, तीन प्रती काढून खोटं लिहिलंत आणि त्यातली एक प्रत माझ्या आईच्या हातात ठेवलीत. दुसऱ्या पानावर, वरून चौथी ओळ: ‘मयत कामगाराचा बिल्ला क्रमांक ४१ त्याच्या पँटच्या खिशात मिळाला. चेंबरमध्ये जाताना तो खुंटीवर अडकवण्याची दक्षता त्याने घेतली नाही.’ त्याखाली आणखी असं, की आत अडकल्यावर काही मिनिटांतच त्याची शुद्ध हरपली असावी, फार त्रास झाला नसावा.

ते पान मला तोंडपाठ आहे. मी बोर्ड रंगवणारी बाई. अक्षर एकदा नजरेखालून गेलं की सुटत नाही. तुमच्या कारखान्यातल्या तीन नंबरच्या दारावरची सूचनाही माझ्याच हातची, विसरला नसाल. पिवळ्यावर काळी अक्षरं. ‘आत जाताना बिल्ला खुंटीवर. खुंटी रिकामी असेल तरच दार लावा.’ ‘रिकामी’ जरा मोठं काढा, असं तुम्हीच मागे उभं राहून सांगितलं होतंत. मी काढलं.

तुम्हाला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगते. हे दुसरेही वाचणार आहेत.

कारखाना दारं-खिडक्यांचा. ओलं लाकूड सुकवायला तीन चेंबर. चेंबर म्हणजे अख्खा ट्रक मावेल अशी बिनखिडकीची खोली. पुढे जाड लोखंडी दार, आत फळ्यांच्या थप्प्या, थरांमधून वारा खेळावा म्हणून ठेवलेल्या लाकडी पट्ट्या आणि मागच्या भिंतीत पंखे. दार लावायचं, पंखे सुरू करायचे, गरम हवा सोडायची. तीन नंबरचे पंखे दुपारी सव्वादोनला लागायचे. त्याआधी एखादी पट्टी निसटली असेल तर कुणीतरी आत शिरून ती सारखी करायची. ते काम माझ्या धाकट्या भावाचं. अंगाने इतका बारीक की थप्पीच्या फटीतही मावायचा. सगळा कारखाना त्याला काडी म्हणायचा. घरी आईसुद्धा. नाव ठेवलं होतं आम्ही चांगलं, पण ते फक्त तुमच्या अहवालात वापरलं गेलं.

बिल्ला लाल प्लॅस्टिकचा, कोटाच्या बटणाएवढा, वर पांढऱ्यात नंबर. आत नेला तर उष्णतेने पापडासारखा वाकडा होतो. तो बाहेर ठेवायचं हेही एक कारण.

आता गिटार. काडीने ती जुनी घेतली तेव्हा तिची पाठ फाटलेली होती. कारखान्यातल्या सुताराने तीन नंबरमधून बाद झालेली एक फळी रंधून, वाकवून तिला नवी पाठ बसवून दिली आणि म्हणाला, घे, आता ही अर्धी कामावर आहे. काडीला तार छेडायला दुकानात मिळणारी प्लॅस्टिकची पट्टी पातळ वाटायची, म्हणून तो बिल्ल्यानेच वाजवायचा. वाजवून वाजवून एक्केचाळीस नंबरची एक कड झिजून सपाट झाली होती. तुम्ही कधी बिल्ला हातात घेऊन बघितला असतात तर तुम्हाला दिसलं असतं.

आमची मागची भिंत आणि तुमची भिंत यांच्यामध्ये एक बोळ. हात पसरले की दोन्हीकडे टेकतात. तीन नंबरचे पंखे लागले की आमचं घर घुमायचं, डब्यांची झाकणं थरथरायची. माणूस वैतागेल. काडीने काय करावं? गिटारीची सगळ्यात जाड तार उतरवत उतरवत त्या पंख्यांच्या सुरात आणून सोडली आणि बाकीच्या तारा तिच्यावरून लावल्या. मग झालं असं, की गिटार मागच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असायची आणि सव्वादोन वाजले की जाड तार आपली आपण घुमायला लागायची. कुणी हातही न लावता. आई भांडी घासता घासता म्हणायची, “लागला बाबा कामाला.” एक आणि दोन नंबरचे पंखे लहान. त्यांचा सूर चढा. त्यांना ही गिटार ढुंकून विचारायची नाही.

त्या दिवशी दीडच्या सुमाराला तो वाजवत बसला होता. बिल्ला हातातून निसटला आणि गिटारीच्या पोटात गेला. ज्याने गिटार हाताळली आहे त्याला ठाऊक आहे हा वैताग. उलटी धरायची, हलवत बसायचं, वस्तू आत खडखडते पण भोकाशी येत नाही. त्याने हलवली, शिव्या घातल्या, घड्याळ बघितलं. मी जमिनीवर बोर्ड पसरून दातांच्या डॉक्टरचं नाव रंगवत होते. मी म्हटलं, तू जा, मी काढून गेटवर आणून देते. आणि पुढे मीच म्हटलं, हे नीट वाचा साहेब, मीच म्हटलं, “तोवर खुंटीला दुसरं काहीतरी लाव.”

तो चप्पल घालता घालता हसला. “ताई, नियम तूच रंगवणार, तूच मोडणार.”

आईने रोजच्यासारखा त्याच्या हातात रुमाल दिला. आई रुमालांच्या कडा निळ्या दोऱ्याने शिवते, कारखान्यात अदलाबदल होते म्हणून. तो गेला. मी अक्षर भरत राहिले. रंग ओला होता, मध्ये सोडला असता तर डाग पडला असता. सव्वादोनला तार घुमली. त्या घुमण्यात एक कर्रकर्र होती, बिल्ला आत थरथरत होता त्याची. आई म्हणाली, “लागला बाबा कामाला.” आणि मला बिल्ला आठवला. मी मनात म्हटलं, आता काय, चहाच्या सुट्टीत देऊ.

चारला तुमचा माणूस बोलवायला आला.

तुम्ही जे पाकीट दिलंत त्यात घड्याळ, पट्टा, कंगवा आणि बिल्ला होता. आईने सगळं मांडीवर ओतलं, एकदा बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, “रुमाल कुठाय?” मी तिच्यावर खेकसले. मुलगा गेला आणि रुमालाचं काय घेऊन बसलीस, असं काहीतरी बोलले. तिने वस्तू एकेक करून परत पाकिटात भरल्या.

मी रुमालाचा विचारच करत नव्हते. मी बिल्ल्याकडे बघत होते. लाल, गोल, वर ४१. म्हणजे त्याने जाता जाता कसातरी काढला असणार. म्हणजे बिल्ला त्याच्याकडे होता आणि तोच लावायला विसरला. म्हणजे मी विसरले त्याने काही बिघडलं नाही. मी त्याला रिकाम्या हाताने दाराबाहेर पडताना बघितलं होतं, तरी मी असं मानलं. माणूस काय वाटेल ते मानतो, साहेब, वरून शिक्का मिळाला की. तुमच्या खोट्याखाली मी अकरा महिने गाढ झोपले. आणि अकरा महिन्यांत त्या गिटारीला मी एकदाही हलवून बघितलं नाही. धूळ पुसायची तर फडकं लांबून फिरवायचे.

तीन नंबर तुम्ही तिसऱ्याच दिवशी बंद केलंत. दाराला सील लावलंत. आठवड्याने पंखेही काढून नेलेत. मी गच्चीवरून बघितलं, दोन मोठे पंखे टेम्पोत चढवताना. भिंतीतल्या भोकांवर पत्रा मारला. घर शांत झालं, डब्यांची झाकणं गप्प झाली.

पंखे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझ्या दुकानावरून जेवायला घरी आले होते. आई भांडी घासत होती. सव्वादोन वाजले आणि तार घुमली. तीच, जाड. आत बिल्ल्याची कर्रकर्र, फक्त तेव्हा मी त्याला बिल्ला म्हणत नव्हते. आईचे हात भांड्यावर थांबले. मी उठून भिंतीला तळहात लावला. भिंत गार आणि मुकी. गिटारीला लावला तर ती मांजरासारखी गुरगुरत होती.

एक नंबर असेल, दोन नंबर असेल, ट्रक गेला असेल, असं मी म्हणत राहिले. मग सुट्टीच्या वारी बघितलं. कारखाना पूर्ण बंद, गेटवर कुत्रं झोपलेलं. सव्वादोनला तार घुमली. पुढच्या सुट्टीलाही. मी जाड तार सैल सोडून दिली, पार लोंबती. दुसऱ्या दिवशी ती होती तशी ताठ. आईला विचारलं, तू पिळलीस का. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही.

आई त्या वेळेला घराबाहेर जाऊन बसायला लागली. शेजारणीकडे, पायरीवर, कुठेही. मग एके दिवशी जेवताना म्हणाली, “विकून टाक ती.”

मी म्हटलं, त्याची एवढी एकच वस्तू आहे.

“म्हणूनच विक. अकरा महिने झाले, पोराची कामाची पाळी संपत नाहीये. दुसऱ्याच्या घरी गेली तर सुटेल तरी.”

मी लगेच हो म्हटलं. आईला वाटलं मी तिच्यासाठी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला ती कर्रकर्र घराबाहेर हवी होती. गिटार एकदा दुसऱ्याच्या घरी गेली की तिच्या पोटात काय आहे हे मला कधीच कळणार नव्हतं. तेच मला पाहिजे होतं.

गिऱ्हाईक मिळालं ते चांगलं माणूस. टायरच्या दुकानावरच्या खोलीत मुलांना गिटार शिकवणारे मास्तर. जाडजूड, जिना चढून आले की आधी पाच मिनिटं नुसतं हसून दम घेणारे. मीच त्यांच्या क्लासचा बोर्ड रंगवला होता. दीड वाजता येतो म्हणाले आणि आले दोनला. आईने चहा दिला आणि ती पायरीवर जाऊन बसली.

मास्तरांनी गिटार मांडीवर घेतली, पाठीवरून हात फिरवला, बोटाने ठोकून बघितली. ही पाठ कुणी बसवली, असं विचारलं. मी सांगितलं. लाकूड भारी सुकलंय, म्हणाले, आवाज लांबवर जातो. भाव त्यांनी स्वतःहून चांगला सांगितला. मी घासाघीस केली नाही, मान हलवली. मग त्यांनी जाड तार छेडली आणि तोंड वाकडं केलं. कुणी एवढी उतरवली ही? कान पिळून तार वर आणली, सुरात बसवली, बाकीच्या तारांकडे वळले. तिसऱ्या तारेवर असताना त्यांनी पुन्हा जाड तार छेडली. ती होती तिथे खाली आली होती. पुन्हा पिळली. पुन्हा खाली. ते हसले.

“हिला सासरी जायचं नाहीये, ताई.”

मी हसायचा प्रयत्न केला. घड्याळ बघू नये असं ठरवूनही बघितलं.

सव्वादोनला गिटार त्यांच्या मांडीवर घुमायला लागली. मास्तरांनी आधी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचा. फोन वाजतोय असं त्यांना वाटलं. फोन बाहेर काढला, तो बंद होता. मग त्यांनी हळूच दोन्ही हात गिटारीवरून उचलले, एखादं लहान मूल मांडीत ओलं झाल्यावर माणूस उचलतो तसे. तार घुमत राहिली.

“आत काहीतरी आहे हिच्या,” ते म्हणाले. हसू गेलं होतं.

मी म्हटलं, राहू दे, असेल काही कपटा. मी पुढेही झाले. पण ते सवयीचे. रोज दहा मुलांच्या गिटारीतून हेच काढत असतील. त्यांनी ती उलटी धरली, एकदा डावीकडे कलवली, एकदा झटका दिला. पहिल्याच झटक्यात बिल्ला फरशीवर पडला आणि गोल गोल फिरून माझ्या पायाशी आडवा झाला.

लाल. ४१. एक कड झिजून सपाट.

मी उचलला. गरम होता, साहेब. तापल्या तव्याजवळ ठेवलेल्या चमच्यासारखा गरम. आणि वाकडा झालेला. जो बिल्ला कधी त्या चेंबरमध्ये गेलाच नव्हता, सबंध वेळ आमच्या भिंतीवर, सावलीत, लाकडाच्या पोटात होता, तो पापडासारखा वाकला होता.

मास्तरांनी गिटार खाटेवर ठेवली. काही झालं का, विचारलं. मी म्हटलं, चार दिवस थांबा, मग सांगते. बरं म्हणाले. जिन्यावरून उतरताना त्यांच्या पावलांचा आवाज येताना होता त्यापेक्षा पुष्कळ भराभर येत होता.

मी आईच्या डब्यातलं तुमचं पाकीट काढलं. त्यातला बिल्ला पहिल्यांदा हातात धरून उजेडात नेला. सपाट. गुळगुळीत. कड सगळीकडून गोल, कापल्यासारखी धारदार. नंबराचा पांढरा रंगही उडालेला नाही. हा म्हणे त्याच्या खिशात होता, त्या आगीसारख्या हवेत, चार वाजेपर्यंत. पट्ट्याचं चामडं आकसलं, कंगव्याचे दात एकमेकांना चिकटले आणि बिल्ला तेवढा कोरा करकरीत? नवा बिल्ला कापून नंबर घालायला किती वेळ लागला तुम्हाला? मला विचारलं असतंत तर मी घालून दिला असता नंबर. माझं अक्षर बरं आहे तुमच्या माणसापेक्षा.

दोन्ही बिल्ले पाकिटात टाकून मी कुलूपकाकांकडे गेले. तुमच्या चेंबरचं दार लावायचे ते. तोंडातून शब्द निघत नाही म्हणून लोकांनी ठेवलेलं नाव. काडी गेल्यावर महिन्याभरात त्यांनी काम सोडलं, आता दवाखान्याच्या सायकल-स्टँडवर बसतात. तिथेही बिल्लेच. फळीवर खिळे, खिळ्यांवर पत्र्याचे बिल्ले, जोडीतला एक सायकलवाल्याला द्यायचा, दुसरा हँडलला.

मी त्यांच्यासमोर दोन्ही बिल्ले ठेवले. त्यांनी आधी सपाट उचलला, बघितला, ठेवला. मग वाकडा उचलला आणि लगेच सोडला. बोटं शर्टाला पुसली. बिल्ला माझ्या पिशवीत तासभर होता.

हा गिटारीत होता, मी सांगितलं. मी त्याला नेऊन देणार होते आणि दिला नाही. एवढं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते. त्यांनी मान हलवली. एक माणूस सायकल घ्यायला आला, त्याची सायकल दिली, खिळ्यावर बिल्ला परत लावला आणि माझ्याकडे पाठ असतानाच बोलायला लागले. नाव चुकीचं ठेवलं होतं लोकांनी. उघडले की थांबत नाहीत.

काडी दोनला आला. बिल्ला नाही म्हणाला, ताई आणतेय म्हणाला. आणि त्याने खिशातला रुमाल काढून खुंटीला बांधला, गाठ मारून. कुलूपकाकांना दाखवला. काका, हा मी, असं म्हणाला. तो आत शिरला आणि काका फळ्यांची गाडी ढकलायला बाजूला गेले. परत आले तोवर तुम्ही दाराशी उभे होतात, साहेब. गेटवर ट्रक खोळंबला होता, दुसरा माल दुसऱ्या दिवशी निघायला हवा होता, तुमची घाई चालली होती. काकांनी तुम्हाला सांगितलं, कुणीतरी आत आहे, खुंटीला रुमाल आहे.

तुम्ही काय म्हणालात ते काकांनी मला दोनदा सांगितलं, शब्द बदलला नाही. तुम्ही म्हणालात, “रुमालाला नंबर असतो का? लाव दार.”

आणि तुम्ही तो रुमाल खुंटीवरून सोडलात, मानेवरचा घाम पुसलात आणि स्वतःच्या खिशात घातलात.

“मग मी लावलं,” काका म्हणाले. “तू लिहितेस ना? लिही. दार मीच लावलं.”

मी विचारलं, आतून काही ऐकू आलं नाही का. पंख्यांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, ते म्हणाले, आणि समोरच्या सायकली मोजायला लागले. तिथे तीनच सायकली होत्या.

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. माझ्यापासून सुरुवात केली. ती मटार सोलत होती. शेंगा सोलायची थांबली नाही.

“तू बिल्ला दिला नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“आठवण झाली होती?”

“झाली होती. तार वाजली तेव्हा.”

तिने आणखी दोन शेंगा सोलल्या. तिने मला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. दाण्यांचं ताट बाजूला सारून ती म्हणाली, “पण रुमाल लावला त्याने.”

“हो.”

“मी दिलेला.”

“हो आई.”

“मी विचारत होते, तर तू गप्प केलंस मला.”

मी ताटातले दाणे डब्यात भरले.

दुसऱ्या दिवशी ती सव्वादोनला पायरीवर गेली नाही. गिटार खाटेवरच होती. आई तिच्याजवळ बसली, मी समोर जमिनीवर. तार घुमली. आज त्यात कर्रकर्र नव्हती, बिल्ला बाहेर होता. सूर स्वच्छ, खोल विहिरीतून आल्यासारखा. मला वाटलं, एवढंच होतं तर, आता हे सोसता येईल.

मग त्या सुराखाली दुसरं काहीतरी ऐकू आलं. अकरा महिने बिल्ल्याच्या खडखडाटाखाली दबून राहिलेलं. ठक, ठक, ठक. थांबणं. ठक, ठक, ठक. लाकडावरचा आवाज नव्हता तो. पोकळ लोखंडावर मुठीने मारल्यावर येतो तसा. आईने गिटारीच्या पाठीवर तळहात ठेवला, तीन नंबरच्या फळीवर, आणि प्रत्येक ठोक्याला तिचा हात किंचित उडत होता. मी घड्याळ हातात घेतलं, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. पावणेतीनला ठोके भराभर होते. तीनला सावकाश. नंतर एकेक, मध्ये इतका वेळ की संपलं वाटावं, आणि पुन्हा एक.

तीन पस्तीसला शेवटचा. त्यानंतर नुसता सूर, मग तोही नाही.

एक तास वीस मिनिटं, साहेब. तुमच्या दुसऱ्या पानावर ‘काही मिनिटांतच’ असं आहे.

तेव्हापासून रोज ऐकतो. आई रोज हात ठेवते. मी चुकवत नाही, दुकान दोनला बंद करते. काल शेजारीणही बसली होती, तिलाही ऐकू आलं, ती अर्ध्यात उठून गेली. तुम्ही म्हणाल, मायलेकी वेड्या झाल्या. तुम्ही या. खाट आहे, खुर्ची आहे, चहा देऊ. सव्वादोनला बसा आणि तळहात ठेवा पाठीवर.

पाचव्या दिवशी मास्तरांचा निरोप आला, विकायचं ठरलं का. त्यांना भीती वाटली होती तरी विचारलं, याचं मला कौतुक वाटलं. मी आईकडे बघितलं. विकावी असं वाटायला आता माझ्याकडे कारण उरलं नव्हतं, जे लपवायचं होतं ते फरशीवर पडून झालं होतं. पण तिचं कारण होतं तसंच होतं. पोराची पाळी संपली नव्हती.

आई म्हणाली, “आत्ता नाही. त्याने खूण लावली होती खुंटीला, ती काढली म्हणून तो आत राहिला. ती खूण आणून दे मला. मग तो बाहेर येईल, मग ने म्हणावं गिटार. फुकट ने म्हणावं.”

मास्तरांना मी तसंच सांगितलं. नव्या तारा घेऊन ठेवतो, एवढं म्हणाले.

काल मी तुमच्या ऑफिसच्या भिंतीबाहेर उभी होते. तुम्ही गाडीतून उतरलात, उन्हाने डोळे मिटलेत, खिशातून काहीतरी काढून मान पुसलीत. मी रस्त्याच्या पलीकडे होते, कडेचा दोरा निळा आहे की नाही ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही. म्हणून हे लिहिलं आहे. दोन्ही बिल्ले माझ्याकडे आहेत, वाकडा अजून गार झालेला नाही. काकांनी जे सांगितलं त्याखाली त्यांनी सही केली आहे. मी काय विसरले तेही वर लिहून ठेवलं आहे. त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या, मी तुमच्यासारखी दुसऱ्याच्या खिशात घालणार नाही.

मी तुमच्याकडे भरपाई मागत नाही, तुम्ही माफी मागावी असंही म्हणत नाही. मला एक वस्तू पाहिजे, हातभर कापड, चारही कडांना निळा दोरा, एका टोकाला गाठीची चुणी पडलेली. उद्या सव्वादोनला तो पुन्हा दारावर मुठी मारायला लागेल, परवाही, आणि आई त्याच्या पाठीवर हात ठेवून बसेल.

साहेब, माझ्या भावाचा रुमाल कुठे आहे?